पाच प्लेटा म्हणजे दोन बटणे

वाल्डॉर्फ काय किंवा हायडेलबर्ग काय, मुले असलेल्या मराठी घरात लेगोचा एखादा डबा हमखास निघतो. यजमानांचा मुलगा मॉडेल आणून दाखवतो, आपण "वा, अगदी हुबेहूब!" म्हणतो आणि बटाटेवड्यांकडे वळतो. मला हे नाटकाचे परीक्षण नेपथ्यावरून करण्यासारखे वाटते. मॉडेलची खरी करामत सांध्यांत असते, आणि परीक्षण करायचे तर तिचे करावे.

या विटेचे पेटंट १९५८ सालचे. तिच्या दोन बटणांमधले अंतर ८ मिलिमीटर आणि उंची ९.६. चपटी प्लेट उंचीने विटेच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२. उभे माप आडव्याशी जुळत नाही, त्यामुळे वीट कुशीवर वळवून बसवायला गेलात की फट तरी राहते किंवा तुकडा घुसतच नाही. पण पाच प्लेटा एकावर एक रचल्या की होतात १६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन बटणे! तसेच पाच विटांची उंची म्हणजे सहा बटणे. आडव्या विटांच्या साऱ्या युक्त्या या हिशेबावर उभ्या आहेत. मोटारीचा दिवा लावता यावा म्हणून पोटावर बटण दिलेली एक छोटी वीट आहे. तरबेज मंडळी तिच्या आधाराने अख्खी भिंत आडवी बसवतात. अडचणीतून वाट काढणारा असा सांधा दिसला की मी मनातल्या मनात टाळी देतो.

आता तक्रार. २००८ साली लेगोचा ताजमहाल आला, ५,९२२ तुकड्यांचा. देखणा आहे, वाद नाही. परंतु अशा संचांच्या पुस्तिकेत चित्रामागून चित्र येते: हे इथे, ते तिथे. "का?" याला जागाच नाही. मूल शेवटच्या पानापर्यंत पोचते, आईवडील फोटो काढून पुण्याला पाठवतात, आणि पाच-दोनचा हिशेब त्याच्या बोटांखालून निसटून जातो. वाचकहो, सूचना बिनचूक पाळणारी माणसे आपल्या ऑफिसांत कमी आहेत का?

आपल्याच राज्यात, श्वार्त्सवाल्डमध्ये, भिंतीत स्क्रू धरणाऱ्या प्लास्टिकच्या गुट्टीमुळे प्रसिद्ध झालेल्या आर्टुर फिशर यांनी १९६५ साली फिशरटेक्निक बाजारात आणले. त्यात खुंटी खाचेत सरकवायची, आणि तुकडा सहाही बाजूंनी जोडता येतो. यंत्र म्हणून ते लेगोहून सरस आहे असे माझे स्पष्ट मत. दिसायला मात्र रुक्ष, म्हणून मुले हट्ट लेगोचाच धरतात.

पण मला सर्वांत हुशार वाटणारा संच जवळजवळ फुकटचा आहे. आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे त्यांनी आगकाड्या नि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार उभे केले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांची खेळणी असंख्य मुलांपर्यंत पोचली. या जोडणीची गंमत तिच्या कमकुवतपणात आहे. रबराचा सांधा वाकतो. चौकोन केला की तो कलंडतो, त्रिकोण मात्र ताठ उभा राहतो. लेगोची पकड इतकी घट्ट की चौकोनही गुमान उभा राहतो, आणि त्रिकोणाची गरज मुलाला कधी भासतच नाही.

अपवाद लेगोच्याच टेक्निक मालिकेचा. तिच्या पट्ट्यांवर छिद्रे ८ मिलिमीटरवर असतात. काटकोन पक्का करायचा तर ३-४-५ चा त्रिकोण हवा, आणि छिद्रे मोजायची ४, ५ नि ६. कारण तीन अंतरांना छिद्रे चार लागतात. (प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ही एकाची गफलत नव्याने सांगायला नको!) तुमच्या घरी टेक्निकची क्रेन असेल, तर तिच्यातली तिरकी पट्टी शोधा. ती तिथे कशाला, असे मुलाने विचारलेच, तर पट्टी काढून क्रेन त्याच्याच हातात द्या आणि हलवायला सांगा.