बेघर माणूस कोणाच्या हद्दीतला?

लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं. गावोगाव बिऱ्हाड हलवणाऱ्या कैकाडी कुटुंबाचं ते आत्मकथन. १९८१ ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. प्रस्थापित समीक्षकांनी भाषेचं कौतुक केलं, आपल्या समीक्षकांनी विद्रोह शोधला. पण या बिऱ्हाडाला रात्री पाठ टेकायला जागा देणं कोणत्या पंचायतीचं, कोणत्या नगरपालिकेचं काम होतं? हे कोणी विचारलं? वेदनेला दाद दिली की वाचक मोकळा, आणि पंचायतही मोकळी. आपली समीक्षा इथंच कमी पडते.

मित्रांनो, माणूस आपोआप बेघर होत नाही. १९७२ च्या दुष्काळात माणसं गाव सोडून निघाली. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जाळली गेली. तेव्हाही लोकांना गाव सुटलं. गाव म्हणतं, तो आता आमचा नाही. शहर म्हणतं, तो अजून आमचा झाला नाही. मग तो झोपतो रेल्वे स्टेशनवर.

आता सरकारी कागद वाचू. तोही वाङ्मयासारखाच बारकाईनं वाचायला हवा. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मोठ्या शहरात दर लाख लोकसंख्येमागं एक चोवीस तास उघडा निवारा हवा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात हेच माप घेतलं. बांधकामाला केंद्राचे ७५ टक्के, राज्याचे २५ टक्के असं ठरलं. २०११ च्या जनगणनेत औरंगाबाद महापालिकेची लोकसंख्या पावणेबारा लाख. म्हणजे या मापानं अकरा निवारे.

माप चांगलंय, पण खोट त्याच्यातच आहे. निवारा मागणारा माणूस जिल्ह्याचा, नव्हे सगळ्या मराठवाड्याचा, आणि हिशेब एकट्या महापालिकेच्या हद्दीचा. घाटी दवाखान्यात जालना-बीडहून पेशंट येतो, नातेवाईक उघड्यावर रात्र काढतात. छावणीत वेगळी छावणी परिषद. वाळूजच्या कारखान्यांभोवती ग्रामपंचायती. एकच माणूस वाळूजला राबतो, स्टेशनवर झोपतो, घाटीत औषध घेतो. तीन ठिकाणं, आणि प्रत्येक साहेब दुसऱ्याकडं बोट दाखवतो.

यावर तोड घटनेतच आहे. कलम २४३-झेडडी प्रमाणं जिल्हा नियोजन समितीनं पंचायती आणि नगरपालिका यांच्या योजना एकत्र करायच्या, दोघांच्या सामाईक प्रश्नांचा विचार करायचा. महाराष्ट्रात त्याचा कायदा १९९८ चा. समितीचे पाचातले चार सभासद जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सभासदांतून निवडायचे. बेघर माणसाइतका सामाईक प्रश्न दुसरा कोणता? पण महापालिकेवर एप्रिल २०२० पासून आणि जिल्हा परिषदेवर २०२२ पासून प्रशासक बसले. कित्येक वर्षं निवडून द्यायला निवडलेली माणसंच नव्हती. त्या काळात बेघराच्या बाजूनं समितीत कोण बोलणार होतं?

काही कार्यकर्ते म्हणतील, सगळ्यांनी मिळून करायचं म्हणजे कोणीच करायचं नाही. शंका रास्त आहे. म्हणून मागणी नेमकी पाहिजे. निवारा चालवणारी संस्था एकच, जबाबदारही तीच. पैसा मात्र महापालिका, जिल्हा परिषद, छावणी परिषद सगळ्यांचा, आणि कोणाचा किती हे जिल्ह्याच्या आराखड्यात लिहिलेलं. निवारा स्टेशन, दवाखाना, मजुरांचा नाका यांच्याजवळ. गावाबाहेरच्या माळावर नको. गावकुसाबाहेर आपण पुष्कळ राहिलो.

आणि एक राखण आपणच करायची. बेघरांत सगळ्या जातींची माणसं आहेत, तेव्हा निवाऱ्याचा खर्च सर्वसाधारण निधीतून व्हावा. ‘तुमचीच माणसं’ म्हणून अनुसूचित जाती उपयोजनेला हात घातला तर तिथंच अडवायचं.

४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे नाकारले आणि घटकाचा मान व्यक्तीला दिला. हद्दीचा वाद घालणाऱ्या साहेबांना आपण हेच सुनवायचं. हिशेब हद्दीचा नको, माणसाचा मांडा. कविता वाचा, आत्मकथनं वाचा, पण सोबत जिल्ह्याचा आराखडाही मागवून वाचा. त्यात बेघरासाठी एक ओळसुद्धा नसेल तर ती लिहायला लावणं, हेही आपल्या चळवळीचंच लेखन आहे.