‘द व्हेजिटेरियन’ : आप्तांस न दिसलेली उपासमार

हान कांग ह्या कोरियन लेखिकेस २०२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तिची ‘द व्हेजिटेरियन’ ही कादंबरी २००७ सालची. डेबोरा स्मिथ ह्यांचे इंग्रजी भाषांतर २०१५ चे. ह्या नावानेच आपला वाचक फसण्याचा संभव आहे. शाकाहार हे जेथे पुण्य आणि उपवास हा संस्कार, तेथे मांस वर्ज्य करणारी नायिका सात्त्विकच भासावयाची. वस्तुतः ही कथा अन्नत्यागाची आहे; आणि तिचा खरा विषय, माझ्या मते, तो वेळीच न ओळखणारे आप्त हा होय.

तिची रचनाच पाहावी. तीन भाग आणि तीन साक्षी : नवरा, बहिणीचा नवरा आणि थोरली बहीण इन-हे. नायिका योंग-हे हिचे स्वतःचे बोलणे प्रामुख्याने स्वप्नांच्या तुटक परिच्छेदांतून येते. ती वाळत चालली आहे, झोपत नाही, हे नवऱ्यास दिसते. पण त्यास बोचते ती वरिष्ठांच्या मेजवानीत झालेली शोभा. तिला वैद्याकडे नेण्याऐवजी तो सासुरवाडीस गाऱ्हाणे कळवितो. पुढे सर्वांदेखत बाप तिच्या मुस्कटात मारतो, दोघांकरवी तिचे हात धरवून तोंडात मांस कोंबतो. आणि ती स्वतःच्याच जिवावर उठते.

लासेग ह्या फ्रेंच वैद्याने १८७३ सालीच लिहून ठेवले होते की, अशा रुग्णाच्या कुटुंबाजवळ विनवणी आणि धमकी हे दोनच उपाय असतात, आणि दोन्ही व्यर्थ जातात. ह्याच सुमारास इंग्लंडात विल्यम गल ह्यांनी ह्या व्याधीस ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले. तथापि कादंबरी हे रोगाचे पाठ्यपुस्तक नव्हे. योंग-हेला लठ्ठपणाचे भय नाही, तिला झाड व्हावयाचे आहे. तिच्या मनोविकाराची गुंतागुंत निराळी आहे.

सर्वांत समर्थ भाग तिसरा. इस्पितळात बहिणीच्या उशाशी बसलेल्या इन-हेला बालपणीचा एक प्रसंग आठवतो : डोंगरात वाट चुकली असता धाकटी म्हणाली होती, आपण घरी परतूच नये. बापाचा मार तीच अधिक खात असे. त्या बोलण्याचा अर्थ थोरलीस इतक्या वर्षांनी लागतो. आपणां शिक्षकांस येथे थबकावे लागते. भरलेला परत जाणारा डबा, वाढत गेलेले उपवास, उन्हातही वाजणारी थंडी, जेवताच मोरीकडे धाव, ही लक्षणे आपल्याही समोर असतात, आणि आपण मुलीच्या निग्रहाचे कौतुक करतो! अशा वेळी तिच्या वजनावर वा रूपावर न बोलता तिला एकांतात शांतपणे विचारावे, पालकांस विश्वासात घ्यावे आणि वैद्याकडे न्यावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनीही आहे. अंगी मांस असलेली मुलगी निरोगीच असेल, असेही समजू नये.

माझा आक्षेप दुसऱ्या भागावर आहे. देहावर फुले रंगविण्याच्या त्या प्रदीर्घ वर्णनांत लेखिका स्वतःच मोहित झाली आहे, आणि क्षीण होत जाणारे शरीर सुंदर दिसू लागते. कोवळ्या वाचकास हे सौंदर्य घातक ठरू शकेल. तिसऱ्या भागात मात्र नाकात नळी घालण्याचा प्रयत्न आणि ओकलेले रक्त लेखिका झाकीत नाही. तेथे झाडाचे स्वप्न गळून पडते. अखेरीस रुग्णवाहिका सोलकडे धावत असते आणि इन-हे बाहेरच्या झाडांकडे रोखून पाहत असते. योंग-हे वाचते की नाही, हे लेखिका सांगत नाही.