परिषदांचे मूल्यमापन : ग्रंथालय-तंत्रज्ञ आणि मुक्त प्रकाशक ह्यांच्या मेळाव्यांचा एक परामर्श

१

ग्रंथाचे परीक्षण होते, नाट्यप्रयोगाचेही होते. परिषदेचा मात्र केवळ वृत्तान्त होतो. अध्यक्षस्थानी कोण होते, उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, निबंध किती वाचले गेले, एवढे त्यात येते. ज्या कामासाठी माणसे एकत्र आली ते काम नंतर पुढे सरकले की नाही, हे सहसा येत नाही. पोथीच्या अखेरीस फलश्रुती असावी त्याप्रमाणे वृत्तान्ताच्या अखेरीस ‘परिषद यशस्वी झाली’ असे वाक्य येते आणि श्रवणानेच फल मिळाले असे गृहीत धरले जाते.

ग्रंथालयांतील तंत्रज्ञ आणि मुक्त प्रवेशाच्या तत्त्वावर संशोधन प्रसिद्ध करणारे प्रकाशक ह्यांच्या मेळाव्यांना ही रीत विशेष अपुरी पडते. कारण गेल्या पाव शतकात विद्वत्-प्रकाशनाच्या व्यवहारात जे पालट झाले, त्यांतील कित्येक अशा मेळाव्यांतूनच निघाले आहेत. कोणत्या प्रकारच्या मेळाव्यातून काय निष्पन्न झाले आणि काय राहून गेले, ह्याची छाननी केल्यास परिषद भरविण्याचे शास्त्र थोडे तरी हाती लागेल. प्रस्तुत विवेचनात ह्या दृष्टीने चार मेळाव्यांचा विचार केला आहे आणि अखेरीस त्यांची निष्पत्ती मराठी मजकुराच्या कसोटीवर घासून पाहिली आहे.

२

पहिला मेळावा सांता फे येथील. १९९९ च्या ऑक्टोबर महिन्यात पॉल गिन्स्पार्ग, रिक ल्यूस आणि हर्बर्ट व्हान द सोंपेल ह्यांच्या पुढाकाराने न्यू मेक्सिकोतील ह्या गावी एक लहानशी बैठक भरली. गिन्स्पार्ग ह्यांनी १९९१ मध्ये भौतिकशास्त्रातील प्रकाशनपूर्व लेखांचे भांडार सुरू केले होते आणि त्या धर्तीवर इतर विषयांचीही भांडारे उभी राहत होती. पण एका भांडारातील नोंदी दुसऱ्यास वाचता येत नव्हत्या. प्रश्न नेमका होता आणि ज्यांच्या हाती भांडारे होती तीच माणसे समोरासमोर बसली होती.

त्या बैठकीतून जो करार निघाला, त्याची परिणती भांडारांतील नोंदी परस्परांस पुरविण्याच्या एका संकेतपद्धतीत झाली. तिची पहिली आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये व दुसरी जून २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ह्या पद्धतीत अवघ्या सहा विनंत्या आहेत आणि कर्त्यांनी त्यांना ‘क्रियापदे’ हेच नाव दिले आहे. आपली ओळख सांग, नोंदींचे प्रकार सांग, संच सांग, क्रमनिर्देश दे, सर्व नोंदी दे, एक नोंद दे : एवढ्या सहा क्रियापदांच्या व्याकरणावर जगभरची भांडारे एकमेकांशी बोलू लागली. विस्तार टाळण्याचा हा संयम हेच त्या बैठकीचे खरे यश होय. सर्व काही ठरविण्याचा हव्यास धरला असता तर बहुधा काहीच ठरले नसते.

३

दुसरा मेळावा बुडापेस्टचा. डिसेंबर २००१ मध्ये ओपन सोसायटी इन्स्टिट्यूटच्या निमंत्रणावरून तेथे बैठक झाली आणि १४ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे निवेदन प्रसिद्ध झाले. सांता फे येथे यंत्रांचा करार झाला. येथे माणसांचा संकल्प झाला. मुक्त प्रवेश म्हणजे काय, ह्याची व्याख्या येथे प्रथमच सर्वमान्य होईल अशा स्वरूपात मांडली गेली आणि तो साधण्याचे दोन मार्ग, लेखकाने आपला लेख भांडारात ठेवणे आणि मुळातच मुक्त असलेली नियतकालिके चालविणे, स्पष्ट केले गेले. पुढे २००३ मध्ये बेथेस्डा आणि बर्लिन येथून निघालेली निवेदने ह्याच पायावर उभी आहेत.

ह्या व्याख्येतील एक बारकावा सहसा दुर्लक्षिला जातो. मजकूर वाचण्याची, उतरवून घेण्याची, त्याची प्रत करण्याची व ती वाटण्याची मुभा तर त्यात आहेच. त्याशिवाय त्या मजकुराचा शोध घेण्याची, सूचीसाठी तो यंत्राकरवी धुंडाळण्याची आणि सामग्री म्हणून संगणक-प्रणालीस पुरविण्याचीही मुभा आहे. अर्थात् ह्या व्याख्येतील वाचक दोन आहेत : एक मनुष्य आणि दुसरे यंत्र. मराठीत रूढ झालेला ‘मुक्त प्रवेश’ हा शब्द येथे तोकडा पडतो. ‘प्रवेश’ म्हणजे दारातून आत जाणे. आत गेल्यावर वस्तू हाताळता येते की नाही, ह्याविषयी तो शब्द मौन पाळतो.

बुडापेस्ट-निवेदनाच्या मूळ सोळा स्वाक्षऱ्यांत पूर्व युरोपचे आणि ब्राझीलचे प्रतिनिधी होते, भारताचा नव्हता. संकल्प सर्व मानवजातीच्या नावाने झाला, पण संकल्प करणारी मंडळी मोजकीच होती. निमंत्रितांच्या बैठकीचा हा अंगभूत दोष आहे. निमंत्रणामुळे निर्णय लवकर होतात आणि निमंत्रणामुळेच काही प्रश्न बैठकीत पोहोचत नाहीत.

४

तिसरा प्रकार ‘कोड-फॉर-लिब’ ह्या मेळाव्याचा. ग्रंथालयांसाठी प्रणाली लिहिणाऱ्या मंडळींनी फेब्रुवारी २००६ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, कॉर्व्हॅलिस येथे तो प्रथम भरविला. ह्या मेळाव्यामागे घटना, सभासदत्व व कार्यकारिणी असलेली संस्था नव्हती. पुढील स्थान कोणते आणि कोणाचे भाषण व्हावे, हे समुदायाच्या मतदानाने ठरे. आरंभीच्या वर्षांत सर्व भाषणे एकाच सभागृहात होत. शिवाय ऐन वेळी नाव देऊन पाच मिनिटांत आपले काम सांगण्याची सोय होती. डिसेंबर २००७ पासून ह्याच समुदायाने एक मुक्त नियतकालिकही सुरू केले.

पाच मिनिटांच्या भाषणाची योजना वरवर क्षुल्लक वाटते. वस्तुतः तीत मोठे व्यवस्थाचातुर्य आहे. अपुरे, चुकलेले, अडलेले काम सांगण्यास ती जागा देते. विद्वत्-परिषदेतील निबंध पूर्ण झालेल्या कामाचा असतो, म्हणून श्रोत्याला त्यात भर घालता येत नाही. अडलेल्या कामात भर घालता येते, आणि भाषण संपल्यावर चहाच्या वेळी वक्त्याभोवती जमणारी माणसे नेमके तेच करतात.

तथापि ह्या लोकशाहीलाही मर्यादा आहेत. जे आधीपासून समुदायात आहेत त्यांचेच मत मोजले जाते, आणि ओळखीच्या नावास मत पडणे स्वाभाविक आहे. स्त्रिया व अल्पसंख्य ह्यांच्यासाठी प्रवासवृत्त्या ठेवाव्या लागल्या, ह्याचा अर्थच असा की दार उघडे असूनही सर्वजण आत येत नव्हते. पैशाचा प्रश्नही निराळा नाही. संस्था नसल्यामुळे सभागृहाचे करार आणि तोट्याची जोखीम दरवर्षी यजमान विद्यापीठावर पडे. अखेर समुदायाला एका प्रस्थापित संस्थेचे आर्थिक पालकत्व स्वीकारावे लागले. अनौपचारिकतेचा खर्च कोणीतरी सोसतच असतो, हा त्यातील धडा.

चौथा प्रयत्न ‘पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट’चा. जॉन विलिन्स्की ह्यांनी १९९८ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला आणि त्यातून नियतकालिके चालविण्याची एक मुक्त प्रणाली निघाली. तिच्या वापरकर्त्यांची पहिली परिषद २००७ मध्ये व्हँकूव्हर येथे झाली. पुढे बर्लिन, मेक्सिको सिटी, माँट्रिऑल, बार्सिलोना अशी ती फिरत गेली. येथे संपादक, ग्रंथपाल आणि प्रणालीकार एका मांडवाखाली आले, हे ह्या परिषदेचे वैशिष्ट्य. लेख नाकारल्याचे पत्र कसे असावे, हा संपादकाचा प्रश्न आणि ते पत्र प्रणालीत कोठे साठवावे, हा तंत्रज्ञाचा प्रश्न. दोघे एकत्र बसल्याशिवाय तो एकच प्रश्न आहे हे कळत नाही. परिषदेला जोडून प्रत्यक्ष कामाची सत्रे ठेवण्याचा प्रघातही येथे पडला. उपर्युक्त तिन्ही प्रकारांचे गुण एकत्र आणण्याचा हा सर्वांत समंजस प्रयत्न म्हणता येईल.

५

आता कसोटी. ह्या सर्व मेळाव्यांच्या निष्पत्तीचा मराठी संशोधनलेखाला किती उपयोग होतो?

सांता फे येथून निघालेल्या संकेतपद्धतीत उत्तर देताना युनिकोडची विशिष्ट रूपरचना वापरणे सक्तीचे आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान आहे. तरीही पुढे कित्येक वर्षे मराठी नियतकालिके अशा टंकांत जुळविली गेली की ज्यांत पडद्यावर ‘क’ दिसे, पण यंत्राच्या लेखी ते रोमन लिपीतील एखादे चिन्ह असे. असा लेख संकेतस्थळावर विनामूल्य ठेवला तर मनुष्य तो वाचू शकतो. यंत्र वाचू शकत नाही. त्यातील एकही शब्द शोधून सापडत नाही. बुडापेस्टची व्याख्या अक्षरशः लावली तर तो लेख विनामूल्य आहे, मुक्त नाही. हा निष्कर्ष कठोर वाटेल, पण व्याख्येतून तो अटळपणे निघतो.

युनिकोडमध्ये जुळविलेल्या मजकुराचेही सारे प्रश्न सुटतात असे नाही. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ ह्या शब्दांतील अर्धा र हे मराठीचे वैशिष्ट्य. तो दोन प्रकारे लिहिला जातो : नुक्ता असलेला ‘ऱ’ व त्यापुढे हलन्तचिन्ह, किंवा साधा ‘र’, हलन्तचिन्ह आणि त्यापुढे डोळ्यांस न दिसणारे एक जोडचिन्ह. छापील रूप एकच. यंत्राच्या दृष्टीने शब्द दोन. एका रीतीने शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला दुसऱ्या रीतीने लिहिलेले लेख सापडत नाहीत, आणि आपल्याला काही सापडलेले नाही हेही त्याला कळत नाही.

‘ॲ’ ह्या अक्षराची कथा अधिक बोलकी आहे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वी ‘अ’ वर चंद्राची खूण ठेवून काम भागवीत. आणि ही दोन रूपे समान मानावीत असा नियम युनिकोडमध्ये नाही. म्हणजे बुडापेस्टच्या निवेदनात ज्या ‘ॲक्सेस’चा उद्घोष झाला, त्या शब्दाचे पहिले अक्षर मराठीत एकसंधपणे लिहिण्याची सोय निवेदनानंतर सहा वर्षांनी झाली. असे दोष भाषेचा अभ्यासक, मुद्रितशोधक आणि प्रणालीकार एका टेबलाशी बसले तरच उघड होतात. कारण पहिल्याला रूप ठाऊक असते, दुसऱ्याला चूक दिसते आणि तिसऱ्याला उपाय करता येतो.

६

आपल्याकडे अशा मेळाव्यांची परंपरा नाही असे नाही. विद्यापीठीय ग्रंथालयांना जोडणाऱ्या ‘इन्फ्लिबनेट’ने १९९४ पासून ग्रंथालय-संगणकीकरणावर ‘कॅलिबर’ ही परिषदमालिका चालविली आहे, आणि ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे भांडार त्याच संस्थेचे काम आहे. परंतु महाविद्यालयीन पातळीवरील चर्चासत्रांचे स्वरूप पुष्कळदा निराळे असते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि बीजभाषण ह्यांत पूर्वाह्न संपतो. अपराह्नी समांतर सत्रांत प्रत्येकी सात मिनिटांत निबंध उरकले जातात आणि प्रमाणपत्रांच्या वाटपाने समारोप होतो. पदोन्नतीसाठी निबंधांचे गुण मोजण्याची पद्धत आल्यापासून ह्याला अधिकच धार चढली. मुक्त प्रवेशावर चर्चा व्हावी आणि त्या चर्चेचा ग्रंथ मात्र सहभागींच्या कपाटापलीकडे जाऊ नये, ह्याहून मोठी विसंगती कोणती?

अशा सभांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, ह्याचा वस्तुपाठ मराठीत जुनाच आहे. १८८५ मध्ये पुण्यातील ग्रंथकार-सभेचे निमंत्रण जोतीराव फुले ह्यांनी नाकारले. सभेत कोण नाही आणि जे नाहीत त्यांच्या हिताचा विचार तेथे कसा होणार, हा त्यांच्या पत्राचा मथितार्थ. संदर्भ निराळा आहे, तेथील अन्यायाची खोलीही निराळी आहे, आणि दोहोंची बरोबरी करणे योग्य होणार नाही. पण प्रश्न विचारण्याची रीत आजही उपयोगी आहे. परिषदेचे परीक्षण उपस्थितांच्या यादीवरून करण्याऐवजी अनुपस्थितांच्या यादीवरून करावे.

ह्यावर असा आक्षेप संभवतो की परिषदेचा हेतू परिचय वाढविणे हा असतो आणि परिचयाचे मोजमाप होत नाही. आक्षेपात तथ्य आहे. सांता फे येथेही परिचयानेच विश्वास आणि विश्वासाने करार झाला. परंतु परिचयासाठी जी उसंत लागते ती समारंभांनी भरलेल्या कार्यक्रमात मिळत नाही. ती समान अडचणीवर एकत्र काम करताना मिळते. म्हणजे हा आक्षेप शेवटी प्रस्तुत मताच्याच बाजूचा ठरतो.

दुसरा आक्षेप असा की १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना अमलात आली आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आणि १३,००० च्यावर नियतकालिके तीत आहेत. मग हा खटाटोप कशाला? ह्या योजनेने परदेशी प्रकाशकांचे लेखन भारतीय विद्यार्थ्याला वाचावयास मिळते, हा लाभ मोठा आहे. पण तो वर्गणीचा लाभ आहे. मराठीत लिहिले गेलेले संशोधन त्यामुळे जगाला, किंबहुना मराठी विद्यार्थ्यालाही, अधिक सापडू लागत नाही. ते काम आपले आपणच करावयाचे आहे.

त्यासाठी लागणारी परिषद फार मोठी असण्याचे कारण नाही. तीस माणसे, दोन दिवस, एक सभागृह. दहा संपादकांनी आपल्या नियतकालिकाचा एकेक जुना अंक आणावा. दहा ग्रंथपालांनी त्याच्या नोंदी कराव्या. तंत्रज्ञांनी टंकांतर करावे. आणि भाषेच्या विद्यार्थ्यांनी शंभर शब्दांची यादी घेऊन प्रत्येक शब्द शोधून सापडतो की नाही ते पाहावे. जे सापडत नाहीत त्यांची नोंद हाच परिषदेचा वृत्तान्त समजावा आणि तो त्याच दिवशी सर्वांस खुला करावा. पुढच्या वर्षी त्या यादीतील किती शब्द उरले, एवढे मोजले म्हणजे परिषद यशस्वी झाली की नाही, हे सांगण्यासाठी समारोपाच्या भाषणाची गरज राहणार नाही.