वीराचा क्षण : डेव्हिड आणि बाहुबली

जयपूरनजीकच्या सांगानेर येथील संघीजी दिगंबर जैन मंदिराचे मूलनायक आदिनाथ, म्हणजेच पहिले तीर्थंकर ऋषभदेव. हे मंदिर सामान्यतः दहाव्या शतकातले मानले जाते. त्याच शतकाच्या अखेरीस, 981 च्या सुमारास, दक्षिणेत श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर ऋषभदेवांच्या पुत्राची, बाहुबलीची, 57 फुटी मूर्ती उभी राहिली. पिता तीर्थंकर आहे, पुत्र नाही. तो मुळात राजपुत्र आणि योद्धा. तीर्थंकराची मूर्ती कशी असावी हे शास्त्राने बहुतांशी ठरवून दिलेले असते. वीराचे तसे नसते. वीराला कथा असते आणि दगडात कथेचा एकच क्षण मावतो. तो कोणता निवडावा, हा प्रश्न पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्सच्या शिल्पकारांपुढेही बायबलमधील डेव्हिडच्या निमित्ताने उभा होता. या दोन परंपरा शेजारी ठेवून पाहिल्या, तर वीरमूर्तीविषयीच्या काही रूढ समजुती तपासून घेता येतात.

मेंढपाळ पोरगा डेव्हिड गोफणीने गोलायथ या महाकाय योद्ध्याला पाडतो आणि त्याचे शीर कापतो, एवढीच मूळ कथा. दोनातेल्लोने 1408-09 मध्ये घडवलेला संगमरवरी डेव्हिड वस्त्रांकित आहे आणि त्याच्या पायाशी गोलायथचे शीर आहे. पुढे त्यानेच ब्राँझमध्ये घडवलेला डेव्हिड नग्न आहे. डोक्यावर टोपी, पायांत बूट, एक पाय शत्रूच्या शिरावर. व्हेरोक्किओचा डेव्हिड पुन्हा वस्त्रांकित, ओठांवर जिंकलेल्या मुलाचे हसू. या तिन्हींत युद्ध संपलेले आहे. मायकेल अँजेलोने (1501-04) मात्र शीरच काढून टाकले. त्याचा सुमारे 17 फुटी डेव्हिड खांद्यावर गोफण टाकून, भुवया आवळून दूर पाहतो. युद्ध अजून व्हायचे आहे, असेच बहुतेक अभ्यासक मानतात. प्रबोधनकाळ ओसरल्यावर, 1623-24 मध्ये, रोममध्ये बर्निनीने उरलेला क्षण उचलला : अंग पिळवटून गोफण फिरवणारा, दातांखाली ओठ दाबलेला डेव्हिड.

या क्षणवैविध्याकडे बोट दाखवून पाश्चात्त्य कलावंताचे स्वातंत्र्य आणि भारतीय मूर्तिकाराची शास्त्रबद्धता असा भेद आपल्याकडेही अनेकदा मांडला जातो. हा भेद मला अपुरा वाटतो.

बाहुबलीची कथा शिल्पकाराला मोहात पाडील अशी आहे. जिनसेनांच्या आदिपुराणात तो आणि थोरला भाऊ भरत यांच्यात दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध होते. शेवटच्या युद्धात बाहुबली भरताला वर उचलतो, आणि जिंकलेल्या त्या क्षणीच त्याला विजयाचा उबग येतो. तो भावाला खाली ठेवतो, राज्य सोडतो आणि वर्षभर कायोत्सर्गात उभा राहतो. बर्निनीच्या हाती ही कथा पडती, तर त्याने उचलण्याचाच क्षण घेतला असता. भारतीय शिल्पकारांना युद्ध वर्ज्य होते असेही नाही. अबूच्या विमलवसहीत, म्हणजे राजस्थानातच, छतावरील शिल्पपटात भरत-बाहुबलीचे युद्ध कोरलेले आहे. पण तो पट आहे. तेथे कथा ओळीने सांगता येते. स्वतंत्र उभी मूर्ती घडवताना मात्र निवड एकच : युद्ध संपून, राग संपून, अंगावर वेली चढल्यानंतरचा बाहुबली.

निवड एक असली तरी मूर्ती एकसारख्या नाहीत. बदामीच्या चौथ्या लेण्यात आणि ऐहोळे येथे त्याच्या केसांच्या बटा खांद्यावर उतरल्या आहेत, दोन्ही बाजूंना स्त्रिया आहेत. वेरूळच्या जैन लेण्यांत तो बहुधा पार्श्वनाथाच्या समोर येतो. ही योजना अर्थपूर्ण आहे. पार्श्वनाथावर कमठ चाल करून येतो, बाहुबलीवर कोणीच चाल करत नाही. एकाच्या भोवती गदारोळ, दुसऱ्याच्या भोवती नुसता काळ, आणि दोघेही सारखेच निश्चल. वेरूळच्या स्त्रियांना मार्गदर्शक सर्रास ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी म्हणतात. बहिणींनी येऊन त्याचा अहंकार दूर केला ही कथा प्रामुख्याने श्वेतांबर परंपरेतली. दिगंबर कथेत वेली दूर करणाऱ्या विद्याधरी आहेत. वेरूळची लेणी दिगंबर असल्याने दुसरे नाव अधिक सयुक्तिक. प्रश्न केवळ नावाचा नाही. बहिणी मानल्या तर तो उपदेशाचा क्षण ठरतो, विद्याधरी मानल्या तर सेवेचा.

श्रवणबेळगोळला या स्त्रियाही गेल्या. उरली वारुळे, त्यांतून डोकावणारे साप आणि माधवीची वेल. येथे माझ्या मते खरी तुलना मायकेल अँजेलोशी आहे. त्याने डेव्हिडचा उजवा हात प्रमाणाबाहेर मोठा केला, कारण पुढचे सारे त्या हाताने घडायचे आहे. बाहुबलीचे तर नावच बाहूंवरून पडलेले. त्याचे खांदे रुंद आहेत, हात लांब आहेत, आणि ते काहीही करत नाहीत. वेल पायांवरून चढत नेमकी त्या दंडांना वेढते. ज्या अवयवाने वीराला नाव दिले, त्याच अवयवाचे निष्क्रिय होणे शिल्पकाराने कथेचा सार म्हणून निवडले. नग्नतेचेही तसेच. डेव्हिडचे नग्न शरीर सामर्थ्याची घोषणा करते. बाहुबलीचे नग्न शरीर व्रताचे आहे, त्याला पाहणाऱ्याची दखलही नाही.

कारकळ (1432) आणि वेणूर (1604) येथील मूर्ती याच वाटेवरच्या. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजची 28 फुटी मूर्ती (1963) मराठी वाचकाला जवळची. पण पांढऱ्या संगमरवरात वेल अलंकारासारखी दिसू लागते, आणि ग्रॅनाइटमधला ताण तेथे राहत नाही.

फ्लॉरेन्समध्येही शिल्पाचा अर्थ एकट्या शिल्पकाराने ठरवला नाही. दोनातेल्लोचा ब्राँझ डेव्हिड मेदिची घराण्याच्या चौकात होता. घराणे हद्दपार झाल्यावर 1495 मध्ये तो नगरशासनाच्या वाड्यात आला. मायकेल अँजेलोची मूर्ती मुळात कॅथीड्रलसाठी होती. ती कोठे ठेवावी हे ठरवण्यासाठी जानेवारी 1504 मध्ये बसलेल्या सभेत लिओनार्दो आणि बोत्तिचेल्ली होते. मूर्ती शासनाच्या दाराशी गेली आणि धर्मवीर नगरवीर झाला.

गोमटेश्वराच्या पायाशी याच प्रकारची नोंद मराठीत आहे : ‘श्री चावुण्डराजें करवियलें’, आणि ‘श्री गंगराजें सुत्ताले करवियलें’. पहिली ओळ दहाव्या शतकाच्या अखेरची की दोन्ही बाराव्या शतकातल्या, हा वाद भाषाभ्यासकांना परिचित आहे. लक्ष वेधते ते क्रियापद. ते प्रयोजक आहे, शेजारच्या कन्नड लेखातलेही तसेच. छिन्नी धरणाऱ्याचे नाव त्यात नाही. मूर्ती करवणारा गंगांचा मंत्री आणि भोवतीचे आवार करवणारा होयसळांचा सेनापती यांना मात्र एकच क्रियापद मिळाले आहे. आज गावातून वर पाहिले की गंगराजाच्या त्या आवारापलीकडे वारुळे आणि पाय दिसत नाहीत. दिसतात ते चेहरा, खांदे आणि वेलीने बांधलेले दंड.