चिंतनाची वही शेवटी कोण वाचतं?

शिक्षणशास्त्र, समाजकार्य, मानवी विकास किंवा नर्सिंग यांपैकी कशातही पीएचडीसाठी विषय शोधत असाल, तर ‘रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस’ हा शब्द तुम्हाला भेटणारच. मुलं आणि कुटुंबांसोबत काम करणाऱ्यांना, म्हणजे समाजकार्यकर्ते, समुपदेशक, विशेष शिक्षक, अंगणवाडी सेविका यांना, आपल्या कामाकडे मागे वळून बघायला शिकवायचं, अशी ही कल्पना. प्रशिक्षणाचा साचाही ओळखीचा असतो: कार्यशाळा, एक वही, फळ्यावर एक गोल आकृती आणि शेवटी फीडबॅक फॉर्म. पुढे त्याच वह्या संशोधकाकडे ‘डेटा’ म्हणून येतात.

आज या साच्याची चिकित्सा करू. माझं म्हणणं आधीच सांगते. कल्पना चांगली आहे. पण वही कोण वाचणार आणि ती वाचल्यावर काय होणार, हे न विचारता तिच्यावर संशोधन केलं, तर हाती येईल ते चिंतन नव्हे, चिंतनाचा नमुना उतारा.

मूळ कल्पना काय होती?

डोनाल्ड शॉन यांचं ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ हे पुस्तक 1983 सालचं. व्यावसायिक माणूस पुस्तकातलं ज्ञान उचलून जसंच्या तसं प्रसंगाला लावत नाही, हा त्यांचा मुद्दा. तो काम करता करता विचार करतो, अंदाज बांधतो, चुकला तर बदलतो. शॉन यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या: काम चालू असतानाचा विचार आणि काम संपल्यावरचा विचार. मायकेल इरॉट यांनी 1995 मध्ये विचारलं की पहिल्या प्रकाराला खरंच ‘चिंतन’ म्हणता येईल का? धावपळीत निर्णय घेणाऱ्याला थांबायला वेळ असतोच कुठे? हा वाद मुळातून वाचा.

1988 मध्ये ग्रॅहम गिब्ज यांचं चक्र आलं: काय घडलं, काय वाटलं, काय चांगलं-वाईट होतं, असं का झालं, निष्कर्ष काय, पुढच्या वेळी काय करणार. सहा पायऱ्या, लक्षात राहायला सोप्या. म्हणून प्रशिक्षणात शॉनपेक्षा गिब्ज जास्त भेटतात.

आता एक गोष्ट बघा. शॉन यांच्या पुस्तकातली माणसं म्हणजे वास्तुविशारद, मानसोपचारतज्ज्ञ, अभियंते, नगररचनाकार. यांच्या व्यवसायाला मान आहे आणि निर्णय बदलण्याचा थोडाफार अधिकारही आहे. आपल्याकडे हेच चक्र ज्यांच्या हातात दिलं जातं, त्यांचं काय?

घाटकोपरच्या डोंगरावर हे चक्र फिरवून बघू

एक कल्पित उदाहरण घेऊ. असल्फ्याच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत एक अंगणवाडी आहे. दोन वर्षांच्या एका मुलीचं वजन वाढत नाही. आई तिला वजनाला आणत नाही. सेविका घरी दोनदा जाऊन आली, दोन्ही वेळा दाराला कुलूप. तिसऱ्यांदा आई भेटली तेव्हा दोघींची बाचाबाची झाली.

प्रशिक्षणात सेविकेला हा प्रसंग चक्रात बसवायला सांगितला. काय वाटलं? राग आला. असं का झालं? आवाज चढला. निष्कर्ष? शांतपणे बोलायला हवं होतं. पुढच्या वेळी? संवादकौशल्य सुधारेन. चक्र पूर्ण, प्रशिक्षक खूश.

पण आई सकाळी सातलाच पवईला घरकामाला जाते. अंगणवाडी उघडते तेव्हा ती तिथे नसते, आणि ती परत येते तेव्हा अंगणवाडी बंद झालेली असते. इथे कमी पडलंय ते वेळापत्रक, आणि चक्राने दुरुस्त केला सेविकेचा स्वर. प्रत्येक पायरीचा कर्ता ‘मी’ असल्यामुळे उत्तरही ‘मी’पाशीच येऊन थांबतं.

गंमत म्हणजे या दोषावरचं औषध शॉन यांच्याकडेच आहे. क्रिस अर्गिरिस यांच्यासोबत त्यांनी शिकण्याचे दोन फेरे सांगितले. पहिल्या फेऱ्यात नियम तोच ठेवून आपण आपली कृती सुधारतो. दुसऱ्यात नियमच तपासतो. अंगणवाडीची वेळ कोणी ठरवली, हा दुसऱ्या फेऱ्यातला प्रश्न. तो विचारायचा तर कोणीतरी वरच्याने ऐकायला हवं.

वाचणारा आणि नोकरी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अंगणवाडी सेविकेच्या वर मुख्यसेविका असते. साधारण 25 अंगणवाड्यांमागे एक, असा निकष. महिन्याचे कामाचे दिवसही तेवढेच धरा. बैठका आणि अहवाल बाजूला ठेवले, तरी एका अंगणवाडीला महिन्यातून एक दिवस येतो. त्या एका दिवसात रजिस्टरं बघायची, आहार तपासायचा आणि सेविकेशी ‘मोकळा संवाद’ही करायचा. तपासणारी आणि ऐकणारी व्यक्ती एकच. तिच्यासमोर ‘त्या दिवशी मला त्या बाईचा तिटकारा आला’ असं कोण लिहील? तुम्ही लिहाल?

शिवाय सेविका ‘व्यावसायिक’ आहे की नाही, हेच इथे वादात आहे. तिला पगार नाही, मानधन मिळतं. कायद्याच्या भाषेत तिचं काम मानसेवी. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. योजना सुरू झाली होती 1975 मध्ये. म्हणजे प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये तिच्याकडून व्यावसायिकाच्या आत्मपरीक्षणाची अपेक्षा, आणि बाहेर दर्जा स्वयंसेविकेचा. ही विसंगती ज्या प्रबंधात दिसत नाही, त्याने निम्मा विषय सोडला असं मी म्हणेन.

आणखी एक. 2021 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन नीट चालत नाहीत, पोषण ट्रॅकर मराठीत नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. रोजच्या कामाकडे मागे वळून बघून, एकमेकींशी बोलून काढलेला हा निष्कर्षच होता ना? पण तो कुठल्याही चिंतनवहीत सापडणार नाही, कारण तो एकटीने लिहिलेला नव्हता. अशा विचाराला आपण ‘आंदोलन’ म्हणतो आणि संशोधनाच्या चौकटीबाहेर ठेवतो.

मग सगळं टाकूनच द्यायचं?

नाही. समाजकार्याच्या शिक्षणात याहून जुनी आणि जास्त कामाची रीत आहे. 1936 मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, तीच आजची देवनारची टिस. पुढच्याच वर्षी तिथे बाल मार्गदर्शन केंद्र उघडलं. या परंपरेत विद्यार्थी क्षेत्रकार्याचं सविस्तर ‘रेकॉर्डिंग’ लिहितो आणि पर्यवेक्षक ठरलेल्या वेळी त्याच्याशी एकट्याशी बोलतो. विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘आयसी’. यातही गुण दिले जातात, म्हणून इथेही छान-छान लिहिलं जातं, हे खरं. तरी दोन गोष्टी चांगल्या आहेत: समोर माणूस असतो आणि भेट नेमाने होते. ‘आईने दार उघडलं नाही’ असं लिहिल्यावर ‘किती वाजता गेला होतास?’ असा प्रश्न फक्त माणूसच विचारू शकतो. गोल आकृती विचारत नाही.

म्हणून माझं मत असं: वहीपेक्षा नियमित भेट महत्त्वाची. आणि ती भेट घेणारी व्यक्ती मूल्यमापन करणारी नसावी.

तुमच्या प्रस्तावासाठी

अंधेरी ते बोरिवली किंवा घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात क्षेत्रकार्य करायचा विचार असेल, तर आराखड्यात हे चार प्रश्न आधी लिहून ठेवा.

एक, वही कोणासाठी लिहिली गेली? लिहिणारीचं मानधन, गुण किंवा कंत्राट वाचणाऱ्याच्या हातात आहे का?

दोन, लिहायला वेळ कोणत्या तासांतून काढला? कामाच्या, की घरी स्वयंपाक आटोपल्यावरच्या?

तीन, किती नोंदी ‘मी सुधारेन’वर संपतात आणि किती ‘हे बदलायला हवं’वर? हे मोजता येतं, जरूर मोजा.

चार, नोंदीतून वर गेलेल्या एखाद्या सूचनेचं पुढे काय झालं? वेळ बदलली, वजनकाटा आला, की काहीच नाही?

चौथ्या प्रश्नासाठी वह्या पुरणार नाहीत. बैठकांची इतिवृत्तं बघावी लागतील, मुख्यसेविकांशी बोलावं लागेल, आणि संध्याकाळी घरी परतलेल्या आयांशीही. मुलाखतींच्या वेळा ठरवताना तेवढं लक्षात ठेवा: सकाळी अकराला गेलात, तर कुलूपच दिसेल.