कोळी, झाडू आणि शार्लट

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सातवीच्या वर्गात आम्ही भूगोलाचा नकाशा भिंतीवर लावत होतो. गुंडाळी उलगडली आणि आतून तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी टेबलावर पडला. पुढच्या बाकांवरची मुले किंचाळत मागे पळाली आणि मागच्या बाकांवरची मुले पाहायला पुढे धावली. आम्हीही दचकून ओरडलो आणि हाताला लागलेला डस्टर त्याच्यावर हाणला. कोळ्याच्या पोटाखाली पांढरी, गोल, नाण्यासारखी चपटी पिशवी होती. ती फुटली आणि बारीक दाणे टेबलावर पसरले. एका मुलीने विचारले, "सर, ती अंडी होती का?" आम्ही तिला जागेवर बसायला सांगितले आणि शिपाईमामांना झाडू आणायला पाठवले.

नंतर आम्हांला आमचीच लाज वाटली. तो कोळी, खरे तर ती मादी, जाळे विणत नाही. रात्री भिंतीवर फिरून ती झुरळे पकडते आणि अंड्यांची पिशवी पोटाशी धरून हिंडते. माणसाला तिचा धोका नाही. हे सारे आम्हांला माहीत होते. तरी हात डस्टरकडेच गेला. असे का व्हावे?

कोळी म्हणजे आठ पाय, शरीराचे दोन भाग आणि 'कीटक नव्हे', एवढे आपण शिकवतो. कोळ्याविषयी काय वाटावे, हे मात्र मुले गोष्टींतून आणि चित्रपटांतून शिकतात. म्हणून कोळ्याच्या तीन प्रसिद्ध गोष्टी आम्ही पुन्हा तपासून पाहिल्या. त्यांतली कोणती वर्गात न्यावी, हे शिक्षकमित्रांना ठरवता यावे, यासाठी हा लेख.

पहिली गोष्ट सर्वांच्या परिचयाची. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस हरून लपून बसला होता. धागा जोडताना पुनःपुन्हा अपयशी ठरणारा कोळी त्याने पाहिला. अखेर कोळ्याला यश आले आणि राजानेही धीर धरला. ही गोष्ट आज आपण ज्या रूपात ऐकतो ते वॉल्टर स्कॉटने 1828 साली आपल्या 'टेल्स ऑफ अ ग्रँडफादर' या पुस्तकात दिले, म्हणजे ब्रूसनंतर सुमारे पाचशे वर्षांनी. गोष्ट बोधप्रद आहे, पण तिच्यात कोळी नाही. त्याच्या जागी मुंगी घातली तरी चालते. कोळी तो धागा कशासाठी जोडतो, हा प्रश्न गोष्टीला पडत नाही. चक्राकार जाळे विणणारा कोळी पहिला धागा बहुधा वाऱ्यावर सोडतो आणि तो समोर कोठे तरी अडकेपर्यंत थांबतो. हे सांगितले तर मुले कोळ्याकडे पाहतील. आपण मात्र त्यांना राजाकडे पाहायला सांगतो.

दुसरी गोष्ट चित्रपटाची. 'अरॅक्नोफोबिया' हा फ्रँक मार्शल यांनी दिग्दर्शित केलेला अमेरिकन चित्रपट 1990 साली आला. व्हेनेझुएलाच्या जंगलातला एक विषारी कोळी शवपेटीतून कॅलिफोर्नियातल्या एका लहान गावात पोहोचतो, तिथल्या कोळ्यांशी त्याचा संकर होतो आणि माणसे पटापट मरू लागतात. गावातला नवा डॉक्टर लहानपणापासून कोळ्यांना घाबरणारा. शेवटी त्यालाच तळघरात त्या मोठ्या कोळ्याला तोंड द्यावे लागते. चित्रपट कुशलतेने केलेला आहे. चपलेत, दिव्याच्या झाकणात, न्हाणीघरात, जिथे आपण निर्धास्त असतो तिथेच तो कोळी ठेवतो. पाहणाऱ्याला पाय वर घेऊन बसावेसे वाटते. डोळे मिटावेत आणि बोटांच्या फटीतून पाहावे, अशी आपली जी दुहेरी ओढ असते ती दिग्दर्शकाने नेमकी ओळखली आहे.

विज्ञान मात्र यात उसने आहे. हे कोळी संघटित सैन्यासारखे वागतात, त्यांच्यात प्रजननक्षम प्रमुख आणि प्रजनन न करणारे शिपाई अशी विभागणी आहे. ही व्यवस्था मुंग्या-मधमाश्यांची आहे. बहुतेक कोळी एकेकटे राहतात. जगात आज कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यांतल्या अगदी मोजक्या माणसाला खरोखर धोकादायक आहेत. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी परिसरातला नरसाळ्याच्या आकाराचे जाळे करणारा कोळी त्यांपैकी एक. त्याच्या विषावरचा उतारा 1981 साली वापरात आला आणि तेव्हापासून त्याच्या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद नाही.

सर्वांत मोठी गंमत पुढेच आहे. चित्रपटात मारेकऱ्यांचे काम ज्या कोळ्यांनी केले ते न्यूझीलंडमधले अ‍ॅव्हन्डेल कोळी होते. ही मूळची ऑस्ट्रेलियातली जात. माणसाला निरुपद्रवी आणि कोळ्यांमध्ये अपवादाने आढळणारी, झाडाच्या सालीखाली एकत्र राहणारी. आमच्या नकाशातून पडलेली मादी त्यांच्याच कुळातली. म्हणजे पडद्यावर पाहून ज्याची भीती घ्यायची तो आपल्या भिंतीवरच्या कोळ्याचा भाऊबंदच!

चित्रपटातल्या डॉक्टरची भीती कोळी मारून संपते. इथे आमचा मुख्य आक्षेप आहे. भीतीविषयी जे संशोधन झाले आहे ते वेगळे सांगते. 1980 च्या दशकात अमेरिकेत सुझन मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या ऱ्हीसस माकडांवर प्रयोग केले. त्या माकडांना सापाची विशेष भीती नव्हती. सापाला घाबरणारे दुसरे माकड पाहिल्यावर मात्र तीही घाबरू लागली. मग चित्रफितीत फेरफार करून फुलाला घाबरणारे माकड दाखवले, तेव्हा फुलाची भीती काही लागली नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांना कोळ्यांची आणि फुलांची चित्रे दाखवली. कोळी पाहताना बाळांच्या बाहुल्या अधिक विस्फारल्या. याचा अर्थ बाळे घाबरली असा नव्हे, ती अधिक सावध झाली एवढेच म्हणता येते. सावधपणाचा कल बहुधा जन्मतः असतो. त्याचे भीतीत किंवा कुतूहलात रूपांतर होताना मूल आजूबाजूच्या मोठ्यांकडे पाहते. आमच्या वर्गाने त्या दिवशी आमच्याकडे पाहिले.

तिसरी गोष्ट ई. बी. व्हाइट यांची. 'शार्लट्स वेब' हे पुस्तक 1952 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. विल्बर नावाच्या डुकराच्या पिलाला थंडीत मारले जाणार असते. गोठ्याच्या दारात राहणारी शार्लट ही कोळ्याची मादी आपल्या जाळ्यात त्याच्या स्तुतीचे शब्द विणते. लोक थक्क होतात आणि विल्बर वाचतो. शार्लट अंडी घालते आणि जत्रेच्या मैदानावर एकटीच मरते.

कोळ्याला गोंडस करण्याचा सोपा मार्ग व्हाइट यांनी घेतला नाही, हे या पुस्तकाचे मोठेपण. पहिल्याच भेटीत शार्लट आपण माशा कशा पकडतो आणि शोषून घेतो हे विल्बरला सांगते. तो शहारतो. ती माफी मागत नाही, सारवासारव करीत नाही. कोणी तिच्या केसाळ पायांना नावे ठेवली, तर ती पायाच्या सातही भागांची शास्त्रीय नावे सांगते. कोणत्या धाग्याला चिकटा असतो आणि कोणता कोरडा, हे शब्द विणताना कळते. अंड्यांची संख्याही नेमकी, 514. शेवटी पिल्ले धागा वाऱ्यावर सोडून उडून जातात. खऱ्या कोळ्यांची पिल्लेही अशीच दूर पसरतात. वाचकाला किळस वाटेल, हे व्हाइट यांनी गृहीत धरले आणि ती किळस मोकळेपणाने बोलायला लावली. म्हणून ती हळूहळू ओसरते.

हे ज्ञान त्यांनी नुसत्या ग्रंथांतून मिळवले नव्हते. मेन राज्यातल्या आपल्या गोठ्यात त्यांनी एका कोळ्याला अंड्यांची पिशवी विणताना पाहिले. ती पिशवी कापून, डबीत ठेवून ते न्यूयॉर्कला घेऊन गेले. काही आठवड्यांनी खोलीतल्या आरशावर आणि केसांच्या ब्रशवर इवले कोळी धागे ओढू लागले. व्हाइट यांनी त्यांना काही दिवस तसेच राहू दिले. हे वाचताना आम्हांला टेबलावर फुटलेली ती पिशवी आठवली.

पुस्तकात दोष नाहीत असे नाही. भक्ष्याला आपण आधी गुंगी देतो, त्याला दुखत नाही, असे शार्लट म्हणते. विषाने भक्ष्य लुळे पडते हे खरे, पण वेदना होत नाहीत असे म्हणायला आधार नाही. रक्त पिणे हेही अपुरे वर्णन आहे. कोळी पाचक रस सोडून भक्ष्य विरघळवतो आणि मग तो द्रव शोषतो. शिवाय एका शार्लटवर जीव लावणारे मूल घरच्या कोळ्यावर चप्पल उगारणारच नाही, याची खात्री कोणी द्यावी? गोष्टीतले प्रेम भिंतीपर्यंत पोहोचवणे हे शिक्षकाचे काम आहे.

त्यासाठी धागा पुस्तकातच आहे. डॉक्टर डोरियन हे पात्र एका आईला असे सुचवते की, जाळ्यातल्या शब्दांपेक्षा जाळे हेच खरे नवल, कारण कोळ्याला ते कोणी शिकवलेले नसते. डॉक्टर तिथेच थांबतात. आपण पुढे जावे. ज्युडिथ माइल्स या अमेरिकन शाळकरी मुलीने विचारले की, वजनरहित अवस्थेत कोळी जाळे विणू शकेल का? तिच्या प्रयोगासाठी 1973 साली स्कायलॅब या अवकाशस्थानकात अ‍ॅराबेला आणि अनिता हे दोन कोळी पाठवले गेले. ते शार्लटच्याच प्रजातीच्या गटातले. सुरुवातीची जाळी वेडीवाकडी झाली, पण थोड्याच दिवसांत बरीच नीट जाळी तयार झाली.

भीती घालवण्याचा रस्ताही असाच पायऱ्यापायऱ्यांचा आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी 1989 साली एकाच बैठकीच्या उपचाराची पद्धत मांडली. जास्तीत जास्त तीन तासांत, रुग्णाच्या संमतीने, त्याला भीतीच्या वस्तूच्या हळूहळू जवळ नेले जाते. शाळेत उपचार करायचे नाहीत आणि कोणत्याही मुलाच्या हातावर कोळी ठेवायचा नाही. पण एक भिंत ठरवून, चार हातांवरून, आठवडाभर कोळ्याची नोंद ठेवता येईल. तो कधी हलतो? काय खातो? मादीजवळ पांढरी पिशवी दिसते का? सोबत 'शार्लट्स वेब'चे रोज एक प्रकरण आपण मराठीत सांगावे. मोठ्या मुलांनी ते मूळ इंग्रजीतून वाचावे, भाषा सोपी आहे.

त्या मुलीला आम्ही आता उत्तर दिले आहे. होय, ती अंडी होती. तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला, "मग तुम्ही का मारलंत?" भीती वाटली म्हणून, हे आम्ही वर्गासमोर कबूल केले. आता शिपाईमामांच्या झाडूशेजारी एक रिकामी बरणी आणि पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला आहे. कोळी आला की बरणी उपडी ठेवायची, खालून पुठ्ठा सरकवायचा, सर्वांनी पाहून घ्यायचे आणि कुंपणापाशी सोडून द्यायचे. पहिल्या वेळी आमचा हात थरथरत होता, आणि मुलांनी तेही पाहिले.