दोर, पुस्तिका आणि विहीर

दोराच्या साहाय्याने माणसाची सुटका कशी करावी हे शिकविणाऱ्या पुस्तिका आता सहज मिळतात. त्यांत गाठींची चित्रे असतात, कप्प्यांच्या रचना असतात आणि प्रत्येक कृती क्रमांक देऊन सांगितलेली असते. शाळेतील आपत्ती व्यवस्थापनाच्या तासाला त्यांचा आधार घ्यावा असे शिक्षकांना वाटणे स्वाभाविक आहे. या पुस्तिकांतून काय शिकता येते आणि काय येत नाही, हे मात्र आधी पाहावयास हवे.

या साहित्याचा उगम डोंगरकडे आणि गुहा यांत आहे. गिर्यारोहकांचे ‘फ्रीडम ऑफ द हिल्स’ १९६० साली आले, तर स्मिथ व पॅजेट यांचे ‘ऑन रोप’ हे गुहेत उतरणाऱ्यांचे पुस्तक १९८७ साली. तेथे दोर बांधावयास खडक असतो. परभणी जिल्ह्यात माणूस कड्यावरून नव्हे, विहिरीत पडतो. काठाला काळी माती, खाली मुरूम. आधाराला फार तर एखादा लिंब किंवा बाभूळ. चित्रातील रचना येथे जशीच्या तशी उतरत नाही.

पुस्तिकांतील सर्वांत भक्कम भाग गणिताचा आहे. पण पुष्कळ वाचक तो ओलांडून थेट चित्रांकडे जातात. १०० किलो भार दोन आधारांवर सारखा टांगला, तर प्रत्येकावर ५० किलो येतील असे आपण धरतो. दोन दोर समांतर असतील तरच हे खरे. त्यांच्यातील कोन ६० अंश झाला की प्रत्येकावर ५८ किलो येतात, ९० अंशाला ७१, १२० अंशाला पूर्ण १०० आणि १५० अंशाला तब्बल १९३. विहिरीच्या दोन्ही काठांवरून ताणून बांधलेला दोर मधोमध भार टांगताच का तुटतो, त्याचे उत्तर येथे आहे.

कप्प्यांचेही तसेच. तिप्पट फायद्याच्या रचनेत १०० किलोसाठी ३३ किलोची ओढ पुरते, असे आकृती सांगते. आकृतीत घर्षण नसते. कप्पीऐवजी साधी कडी वापरली आणि प्रत्येक वळणावर निम्मी ओढ वाया गेली, तर तिपटीचे पावणेदोन पटच उरते आणि ५७ किलोची ओढ लागते. दोर काठाच्या दगडावर घासत असेल तर त्याहूनही अधिक. मोटेचा नाडा चाकावरून का नेत, हे आपल्या आजोबांना पुस्तकाविना ठाऊक होते.

तरीही विहिरीतील मोठा धोका दोरात नसून हवेत आहे. ९ एप्रिल २०२४ रोजी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात, वाकडी येथे, शेणाची रबडी साठविलेल्या जुन्या विहिरीत पडलेले मांजर काढावयास एक जण उतरला. त्याला वाचवावयास एकामागून एक इतर उतरले. सहांपैकी पाच जण दगावले. जो वाचला त्याच्या कमरेला दोर होता. कार्बन डायऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तळाशी साचतो. कुजणाऱ्या शेणातून विषारी हायड्रोजन सल्फाइडही निघतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत अपुरी आहे. तो विझला तर उतरू नये हे खरे, पण जळत राहिला म्हणजे हवा निर्धोक ठरत नाही. आणि मिथेन असेल तर ज्योतच घातक. गाठींना पानेच्या पाने देणाऱ्या पुस्तिकेत हवेला एखादे वाक्य मिळत असेल, तर ती आपल्या गावासाठी अपुरी आहे.

अशा बहुतेक पुस्तकांच्या आरंभी इशारा असतो, की जाणत्या प्रशिक्षकाविना हे करू नये. पुढील पानांची मांडणी मात्र अशी सुबक असते, की वाचून झाले म्हणजे येऊ लागले असा भास होतो. आठच्या आकड्याची गाठ टेबलावर बांधणे आणि ती रात्री, ओल्या दोरावर, खालून हाका येत असताना बांधणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी केवळ सरावाने येते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. ती परभणीस पोहोचेपर्यंत गावकरी काठावर असतात. म्हणूनच त्यांना अर्धे ज्ञान देणे अधिक धोक्याचे.

मग शाळेत काय करावे? दोन तानकाटे, एक किलोचे वजन, सुतळी आणि कोनमापक घ्यावे. कोन वाढवीत नोंदी घ्याव्या. १२० अंशाला दोन्ही काटे एकेक किलो दाखवितात, हे मुलांनी स्वतः वाचावे. विहिरीसंबंधी एवढेच पक्के करावे : माणूस निपचित पडला असेल तर त्याच्यामागे उतरू नये, तो शुद्धीवर असेल तर वरून दोर सोडावा, १०१ व ११२ या क्रमांकांवर कळवावे. पुस्तिकेतून एवढे नक्की शिकता येते. प्रत्यक्ष उतरणे शिकावयाचे असेल, तर प्रशिक्षकाकडेच जावयास हवे.